एक खाडा माफ

मेहुण्याच्या लग्नाला पँट शिवायची म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या नेहमीच्या टेलरकडं गेलेलो, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आहे त्याचं दुकान. त्यानं कमरेला टेप लावला आणि आत मशीनवर बसलेल्या पोराला ओरडून सांगितलं, बेचाळीस. पोरगं म्हणालं किती? तर हा परत, अरं बेचाळीस, चाळीसावर दोन! दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी होती, तिघांनी माझ्या पोटाकडं बघितलं. मीपण बघितलं.

घरी येऊन वजन केलं तर ९४. उंची पाच फूट सात. मग बायकोनं धरून रक्त तपासायला नेलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले ५.७ च्या खाली पाहिजे, साडेसहाला डायबेटिस म्हणतात, तुम्ही मधल्या स्टेशनवर उभे आहात, अजून परतीची गाडी मिळते. आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे म्हणाले, माझी १०६. वजन कमी करा, असं तोंडी सांगून गोळी न देता पाठवून दिलं. मला खरं सांगायचं तर गोळी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणजे आधी प्रयत्न केले नव्हते असं नाही. २०१८-१९ ला सगळ्या महाराष्ट्रात दीक्षित डाएट का दिवेकर डाएट अशी भांडणं लागलेली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पण दोन पार्ट्या पडलेल्या. एका बाजूला दिवसातनं दोनदाच जेवा, दुसऱ्या बाजूला दर दोन तासांनी थोडं थोडं खा. मी दोन्ही केलं. दोनदा पोटभर जेवायचं आणि मधे दर दोन तासांनी थोडं थोडं. त्यात त्या दोघांचा काहीच दोष नाही, हे कोल्हापुरी संशोधन माझं स्वतःचं. नंतर २०२३ च्या जानेवारीत जिमची वर्षाची फी भरली आणि १९ दिवस गेलो, एका दिवसाला किती रुपये पडले ते मी हिशेबाचा माणूस असून कधी काढलं नाही.

मूळ भानगड घरात आहे. आमचे आबा तरुणपणी तालमीत होते, खासबागेत एकदा कुस्ती झाली, हरले, पण खुराक काही सुटला नाही. आमच्या घरात अजून पैलवानाचंच जेवण असतंय. बुधवार-रविवार मटण, रोज रात्री गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन समोर म्हैस पिळून घेतलेलं धारोष्ण दूध, माणशी अर्धा लिटर. शाहू महाराजांनी खुराक लावून दिला तो पैलवानांना, दिवसभर खुर्चीत बसून बिलं फाडणाऱ्या मुनिमाला नव्हे, हे माझ्या डोक्यात ४३ व्या वर्षी शिरलं. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट, अर्धा लिटर म्हणजे सरळ पाचशेच्या आसपास कॅलरी, त्या पण रात्री जेवण झाल्यावर, आणि मग झोप. आबांना सांगितलं आता दूध फक्त रविवारी, तर ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "दुधानं कोण मेलंय व्हय रं आजपातुर?" मी म्हटलं, "आबा, तुम्ही हजार बैठका मारून पीत होता." त्यावर काही बोलले नाहीत, पण हे वाक्य पुढं माझ्याच अंगावर आलं, ते सांगतो नंतर.

चालायला रंकाळा घराजवळच. शेजारच्या गल्लीतली चार मंडळी सकाळी सहाला जायची, त्यांच्यात सामील झालो. पहिला महिना नियमित गेलो आणि वजन अर्धा किलो वाढलं! कारण फेरी झाली की मंडळी मिसळीला. घाम गाळलाय ना, मग काय बिघडतंय. हिशेब घातला तर पाऊण तास चालून माझ्यासारख्या गड्याच्या दोन-सव्वादोनशे कॅलरी जळतात, आणि कट, फरसाण, चार स्लाइस ब्रेड आणि वर अजून एकदा कट मागितला की त्याच्या सहज दुप्पट आत. म्हणजे मी रोज सकाळी उठून वजन वाढवायला जात होतो. मंडळी सोडायची नव्हती, कारण सहा वाजता खाली हाक मारणारं कोणी नसेल तर मी उठत नाही हे मला माहीत आहे. मग असं ठरवलं की संध्यामठाच्या बाजूला आलो की मी तिथनंच घराकडं फुटायचं, ते पुढं मिसळीला, आणि गुरुवारी मीपण त्यांच्याबरोबर. गुरुवार का तर गुरुवारी काही नव्हतं म्हणून. दीड वर्ष झालं, गुरुवारची मिसळ एकदाही चुकलेली नाही, या बाबतीत माझी शिस्त बघण्यासारखी आहे.

आता मेन गोष्ट. हुरूप. लोक विचारतात एवढा टिकला कसा, तर टिकला नाही, दर पंधरा दिवसांनी जातच होता. मी उद्यमनगरात एका मशीनशॉपमध्ये हजेरी, पगार, बिलं बघतो. आमच्या मालकांची एक रीत आहे, लेथवरचा एखादा गडी एक दिवस आला नाही तर काही बोलत नाहीत, खाडा मांडायचा, विषय संपला. सलग दुसऱ्या दिवशी आला नाही की मला फोन करायला लावतात. का तर जो दुसऱ्या दिवशी आला नाही तो तिसऱ्या दिवशी येत नाही, असं त्यांचं इतक्या वर्षांचं निरीक्षण. आणि खरंच तसं होतंय, मी वीस वर्षं हजेरी मांडतोय. तर एक दिवस मस्टर भरता भरता मनात आलं की दुसऱ्यांचे खाडे मांडतोय, आपला कोण मांडणार. घरी भिंतीवर कालनिर्णय होतंच, त्यावर चाललो की बरोबरची खूण, नाही गेलो की ख. एक ख माफ. सलग दोन ख दिसले की फोन करायचं काम माझ्या पोरीकडं, नववीत होती तेव्हा. ती घरात बसून शेजारच्या खोलीतनं फोन लावायची, "नमस्कार, तुम्ही कामावर का आला नाहीत?" उचलल्याशिवाय सोडायची नाही. मला आधी राग यायचा, मग मी उठून बूट घालायचो आणि रात्री साडेनऊला का असेना गल्लीला चार फेऱ्या मारून यायचो. हजेरी म्हणजे हजेरी, जॉब किती निघाले ते नंतर बघू.

वजनाचं मात्र रोज मांडायचं नाही असं ठरवलं, ते पण अनुभवानंच. रविवारी मटण झालं की सोमवारी काटा दीड किलो वर, एका रात्रीत दीड किलो चरबी कुठनं येणार, मीठ खाल्लं की अंगात पाणी धरतंय एवढंच असतंय. पण हे कळत असूनसुद्धा सोमवारी सकाळी तो आकडा बघून "जाऊ दे मरू दे" होतं आणि नाष्ट्याला दोन वडे जास्त जातात. म्हणून शनिवारी सकाळी, आठवड्यातनं एकदाच.

स्वयंपाकघरात बायकोनं जे केलं ते माझ्या चालण्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं असं माझं मत आहे, तिचं तर आहेच. आमच्याकडं पाच माणसांना महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा आणि वर दोन पिशव्या लागायच्या. मी हिशेब काढला, माणशी रोज तीन मोठे चमचे, पावणेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तिला म्हटलं तर म्हणाली, "अहो, तर्री दिसली नाही की तुम्हीच ताट सरकवताय." खरं होतं. आता ती महिन्याचं तेल चार लिटर काढून ठेवते, तेवढ्यात भागवायचं. पहिल्या महिन्यात २४ तारखेला संपलं आणि सहा दिवस आम्ही आमटी-भाकरी आणि उकडलेली अंडी खाल्ली. दुसऱ्या महिन्यात बरोबर पुरलं.

मटण सोडलं नाही. ते कोण सांगत असेल तर त्यानं कोल्हापुरात राहून दाखवावं. फक्त क्रम बदलला. आधी कांदा-मुळा-काकडी, मग सुक्कं आणि दोन भाकरी, तांबडा एक वाटी आणि पांढरा एक वाटी, भात शेवटी, राहिली भूक तर. पूर्वी मी पांढरा पाच-सहा वाट्या प्यायचो, तिखट नाही म्हणजे हलका असा माझा समज. आत नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, तो हलका कसला, उलट तांबड्यावरचं तेल तरी डोळ्याला दिसतंय, पांढऱ्यातलं दिसत पण नाही.

जुलैपर्यंत ८९ झालो. मग आषाढ लागला आणि त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा. आमच्या गल्लीची झाली, सासरच्या गल्लीची झाली, मित्राच्या गल्लीची, प्रत्येक ठिकाणी पंचगंगेचं पाणी, वाजंत्री, टेंबलाईला नैवेद्य आणि मग जेवणावळ. नाही म्हणता येत नाही आणि म्हणायचं पण नव्हतं. वर पाऊस असा की रंकाळ्यावर छत्री उलटी होतीय. कालनिर्णयवर ख ख ख. पोरीनं फोन करायचा कंटाळा केला.

तेव्हा आबा उठले. वय ७२. म्हणाले, "मला म्हणालास न्हवं, हजार बैठका मारून पीत होता म्हणून? तू धा मार बघू." मी सात मारल्या आणि कॉट धरून बसलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा भरून आलेल्या की कठडा धरून उलटा उतरलो. पण पावसाचे दोन महिने घरातच हे चाललं, आबा खुर्चीत बसून मोजायचे, अर्धी मारली तर मोजायचे नाहीत. गुडघा दुखला म्हणून डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पूर्ण खाली जाऊ नका सांगितलं, त्यावर आबांचं मत वेगळं होतं, पण मी डॉक्टरांचं ऐकलं. आता साठ होतात. आणि आबांनी स्वतःहून रात्रीचं दूध पाव लिटरवर आणलं, कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर ८६ ला जो काटा अडकला तो सात आठवडे. खाडे नव्हते, तेल तेच, तरी ढिम्म. अंग हलकं झालं की त्याला खायला पण कमी लागतंय, त्यामुळं पहिल्यासारखं उतरत नाही हे वाचलेलं, पण तेवढंच नव्हतं. आमच्या शॉपमध्ये गिऱ्हाईक आलं की चहा, गेलं की चहा, दिवसाला सात, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि पाचला भडंगाची पुडी. ते मी कधी खाणं म्हणून धरलंच नव्हतं. आता चहा तीन, पहिला गोड आणि बाकीचे बिनसाखरेचे. भडंग सुटलं नाही, कमी झालं.

या ऑक्टोबरात ७९ भरलो. साखर ५.६ आली. अर्थात कंबर ९१ सेंटिमीटर आहे, डॉक्टरांच्या हिशेबानं अजून एक बाकी.

मागच्या आठवड्यात ती लग्नातली पँट घेऊन टेलरकडं गेलो, म्हटलं आत घे. त्यानं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "साहेब, सहा इंच आत घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतील, नवीन शिवा." मग टेप लावला आणि पोराला ओरडला, छत्तीस! दुकानात नेमकं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. पोरानं लिहिलं. मी पैसे काढत होतो तेवढ्यात टेलर त्याला हळूच म्हणाला, "आत दोन इंच माया सोड, दिवाळी आलीय."