चारशे दहा मीटर

एप्रिल २०२४ मधली ही गोष्ट. शाळा सकाळची होती. साडेअकराला मुले घरी सोडून, पोषण आहाराची नोंद मोबाइलवर भरून मी पंचायत समितीच्या आवारातल्या गटसाधन केंद्रात पोहोचले, कारण त्या आठवड्यात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के प्रवेशांसाठी उघडलेल्या मदत केंद्रावर माझी नेमणूक होती. आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी; पहिली ते पाचवी आणि पट त्रेचाळीस. सहकारी बाई लोकसभा निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या, त्यामुळे सकाळी पाचही वर्ग मी एकटीने धरले होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी तीनच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. मदत केंद्राचे काम या तिघांपैकी कशात बसते, हे विचारण्याच्या फंदात मी कधी पडले नाही.

त्या वर्षीचे अर्ज आधीच्या वर्षांसारखे नव्हते, आणि ते का नव्हते हे समजायला थोडे मागे जावे लागेल. २००९ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांनाही प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखायला लावल्या. त्याला संस्थाचालकांनी आव्हान दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली फेटाळले, आणि पुढची दहा-बारा वर्षे महाराष्ट्रात दर वसंतात पालक अर्ज भरत, सोडतीची वाट पाहत, मोबाइलवर संदेश आला की कागदांची पिशवी घेऊन पडताळणी समितीपुढे येत. मग ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत दुरुस्ती केली. एखाद्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांची अट लागू राहणार नव्हती. कर्नाटकाने असे काही आमच्या आधी केले होते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात एक किलोमीटर म्हणजे निम्मे गाव. जिथे इंग्रजी शाळा उभी आहे तिथून हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा असतेच, कारण आधी आमच्याच शाळा होत्या. वस्ती वाढली, रस्ते झाले आणि त्या रस्त्यांवरून पुढे इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या धावू लागल्या.

हे अंतर कोणीतरी मोजायचे होते. मार्च महिन्यात आम्हा मुख्याध्यापकांना आपापल्या परिसरातील स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदान न घेणाऱ्या खासगी, शाळांची ठिकाणे पडताळून द्यायला सांगण्यात आले. मी आमच्या फाटकाशी उभी राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपले, मग भाजी मंडईच्या मागून चालत जाऊन आमच्या परिसरातल्या इंग्रजी शाळेच्या फाटकाशी टिपले. केंद्रावरच्या ऑपरेटरने नकाशावर दोन्ही खुणा जोडल्या आणि सरळ रेषेत चारशे दहा मीटर असा आकडा आला. पायी जायचे तर गोदामाला वळसा घालावा लागतो आणि ते अंतर दुपटीच्या जवळ जाते. पण दुपटीनेही किलोमीटर भरत नव्हता, म्हणून मी वाद घातला नाही. प्रपत्रावर सही केली आणि विसरून गेले. आजवर अशा शेकडो प्रपत्रांवर सह्या केल्या आहेत.

त्या दुपारी केंद्रात फारशी गर्दी नव्हती, हेच पहिल्यांदा खटकले. आधीच्या वर्षी याच खोलीबाहेर जिन्यापर्यंत रांग असे. पंख्याखाली ऑपरेटर बसला होता आणि मी त्याच्या शेजारी कागद तपासत होते. साधारण एकच्या सुमारास एक बाई आल्या, तिशीच्या आसपास, रोपवाटिकेतून थेट आलेल्या असाव्यात, कारण पायांना ओली माती होती. नवरा मार्केट यार्डात हमाली करतो, असे त्यांनी बसतानाच सांगितले. कागद मात्र असे लावलेले की आमच्या कार्यालयातही कोणी लावत नाही: जन्माचा दाखला, नोंदणीकृत भाडेकरार, तहसीलदारांचा एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, दोघांची आधार कार्डे, प्रत्येकाच्या तीन प्रती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात चार हेलपाटे झाले होते आणि प्रत्येक हेलपाट्याला एक रोज बुडाला होता. त्यांची थोरली मुलगी २०२१ साली याच सोडतीतून त्या इंग्रजी शाळेत लागली होती आणि आता चौथीत जाणार होती. धाकटा सहा वर्षांचा झाला होता. दोघे भावंडे एकाच शाळेत जातील, एक आणेल एक नेईल, म्हणजे मलाही रोज पूर्ण भरता येईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

ऑपरेटरने माहिती भरली, नकाशावर त्यांच्या घराची खूण लावली आणि शाळांची यादी उघडली. यादीत जिल्हा परिषदेच्या शाळा होत्या आणि एक अनुदानित मराठी शाळा होती. इंग्रजी शाळेचे नाव नव्हते. त्यांनी पडद्याकडे बोट करून पुन्हा बघायला सांगितले. ऑपरेटरने पान पुन्हा उघडले. यादी तीच राहिली आणि तिच्यात सर्वांत वर माझ्या शाळेचे नाव होते.

मी नियम समजावून सांगू लागले. शासकीय भाषा अशा वेळी आपोआप तोंडी येते. एक किलोमीटर, अधिसूचना, प्राधान्यक्रम हे सगळे शब्द मी वापरले असणार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "बाई, झेडपीच्या शाळेत घालायचं तर फॉर्म कशाला लागतो? तिथं तर कोणीबी जातं."

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण त्याला उत्तरच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला मोफत प्रवेश देणे हे आमचे कायद्याने बांधलेले काम आहे. तिथे शंभर टक्के जागा मोफत आहेत. त्यांतल्या पंचवीस टक्क्यांसाठी अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि सोडतीत नाव निघण्याची वाट बघायची, म्हणजे गावच्या नदीवर पाणी भरायला शिधापत्रिका मागण्यासारखे होते. पोर्टलवर त्या वर्षी हजारो शाळा आणि लाखो जागा दिसत होत्या, तरी जिना रिकामा का होता, ते त्या एका प्रश्नाने मला उलगडले.

"मी तिथं घालणार असते तर आज रोज बुडवून हितं आले असते का?" त्या पुढे म्हणाल्या. "दोन बाया, पाच वर्ग. त्यातली एक सदानकदा मीटिंगला. पोरगं काय शिकणार?"

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिले आणि चटकन मान खाली घातली. त्या नजरेचा अर्थ बाईंनी बरोबर ओळखला असावा. कोणत्या शाळेवर आहात, असे त्यांनी मला विचारले. मी यादीतल्या पहिल्या नावाकडे बोट केले. त्या काही क्षण गप्प राहिल्या, मग पदर सावरत म्हणाल्या, "राग मानू नका बाई. तुम्ही वाईट शिकवता असं म्हणत नाही मी. तुम्ही एकट्या काय काय करणार?"

राग आला असता तर बरे झाले असते. त्या जे बोलल्या ते त्याच दिवशी सकाळी घडलेले होते. तिसरीला भागाकार देऊन मी पहिलीकडे वळले होते, आणि पहिलीची अक्षरे होईपर्यंत तिसरी भागाकार सोडून गोट्या खेळू लागली होती.

इथे माझी एक जुनी तक्रार सांगितली पाहिजे, नाहीतर या कथनात मी उगाच उदार दिसेन. पंचवीस टक्क्यांची तरतूद मला मनापासून कधी आवडली नव्हती. दर वर्षी जूनमध्ये माझ्या शाळेतून जी दोन-तीन मुले सोडतीत निघून जातात, ती नेमकी अशा घरांतली असतात जिथले आईबाप शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला येतात, वह्या तपासतात, छत गळते म्हणून ग्रामसेवकाशी भांडतात. ते गेले की शाळेसाठी भांडणारे उरत नाहीत. शिवाय त्या मुलांपोटी शासन खासगी शाळेला त्या वेळी वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देणे लागत होते. आणि माझ्या शाळेच्या छताला पैसा नसताना हे पैसे तिकडे का, असे मला वाटत आले होते. खरे तर तिकडेही ते वेळेवर जात नाहीत. त्या इंग्रजी शाळेचे लिपिक कागद घेऊन आमच्या कार्यालयात येत आणि थकबाकीचे तक्ते दाखवत. ही थोरली मुलगी लागली त्या २०२१-२२ साली तर करोनाचे कारण देऊन ती रक्कम ८,००० रुपयांवर आणली होती. दोन्ही बाजूंचे रडगाणे ऐकून मी असे मानत होते की, पंचवीस टक्के गेले तर माझा पट वाढेल, पट वाढला तर शिक्षक मिळेल आणि शिक्षक मिळाला तर शाळा उभी राहील.

ती दुरुस्ती जणू माझ्या मनातलेच करत होती. त्या बाईंसमोर बसल्यावर मात्र तिची दुसरी बाजू दिसली. शासनाने माझ्या शाळेत तिसरा शिक्षक दिला नव्हता, छत घातले नव्हते. माझी शाळा नकाशावर अमुक ठिकाणी आहे, एवढ्याच गोष्टीचा वापर करून चारशे दहा मीटरवरच्या एका इमारतीचे दार एका हमालाच्या मुलाला बंद केले होते. फी भरू शकणाऱ्या मुलाला मात्र माझी शाळा आड येत नव्हती. तो तिच्यासमोरून रोज पिवळ्या गाडीतून जाणार होता. डी.एड.ला आम्ही महात्मा फुल्यांचे १८८२ सालचे हंटर आयोगापुढचे निवेदन परीक्षेपुरते पाठ केले होते: रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते आणि प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते. बारा गुणांचा प्रश्न म्हणून ते कायम लक्षात राहिले होते. त्या दुपारी ते गुण सोडून आठवले.

अर्ज भरायचा की नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, राहू द्या. सगळे कागद त्याच क्रमाने पिशवीत परत ठेवून त्या उठल्या. जाताना त्यांनी विचारले की, हे अंतर मोजले कोणी. मी सांगितले की मी मोजले. त्यांनी मान हलवली, काही बोलल्या नाहीत.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला स्थगिती दिली. त्या महिन्याच्या मध्यानंतर जुन्या पद्धतीने अर्ज पुन्हा सुरू झाले आणि जिना पुन्हा भरला. राज्यभरातून दोन लाखांहून अधिक अर्ज आले. भाडेकरारावरचा त्यांचा मोबाइल क्रमांक माझ्या वहीत होता. तो तसा वापरणे नियमात बसते की नाही याचा विचार न करता मी फोन केला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, तीच पिशवी घेऊन. या वेळी यादीत इंग्रजी शाळा पहिली होती. जूनच्या सुरुवातीला सोडत झाली, पण निकाल जाहीर व्हायला न्यायालयाच्या निर्णयाची वाट पाहावी लागली. तोपर्यंत शाळा उघडल्या. पोरगं घरी किती दिवस बसवायचं, असे म्हणून त्या धाकट्याला हाताला धरून माझ्या शाळेत घेऊन आल्या आणि मी त्याचे नाव पहिलीच्या हजेरीत घातले.

तो पाच आठवडे माझ्यासमोर बसला. चुणचुणीत होता; बहिणीने घरी शिकवलेली इंग्रजी अक्षरे इतरांच्या पाटीवर काढून देई. दुपारच्या खिचडीला तो सर्वांत आधी हात धुऊन बसे. त्या पाच आठवड्यांत मी त्याच्याकडे जास्त लक्ष दिले, हे कबूल करते. सहकारी बाईंनी ते एकदा बोलूनही दाखवले.

१९ जुलै रोजी उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती शिक्षण हक्क कायद्याशी आणि राज्यघटनेशी विसंगत ठरवून रद्द केली, दुसऱ्या दिवशी सोडतीची यादी लागली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. यादीत मुलाचे नाव होते. यादी लागल्याच्या पुढच्या आठवड्यात त्या बाई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या. येताना रोपवाटिकेतून कढीपत्त्याचे एक रोप आणले होते. ते मुलांनी हातपंपाजवळ लावले. बसायला खुर्ची दिली तरी त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं त्याला करमत होतं बाई. पण तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं?"

मी दाखल्याचे पुस्तक उघडले. नाव, आईचे नाव, जन्मतारीख अक्षरी, प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचे कारण या रकान्याशी मी थोडी थांबले. मग दर वर्षी लिहिते तेच लिहिले, पालकांची विनंती, आणि खाली सही करून शिक्का मारला.