पाठ आहे, तर हातात फाईल कशाला?

मी कॉलेजच्या मुलामुलींची समूह अभिवाचनं बसवते. पाच-सहा जण स्टेजवर उभे, प्रत्येकाच्या हातात काळी फाईल, वाचायला एखादी कथा किंवा कादंबरीचा तुकडा. स्पर्धा संपली की कुणाचे तरी वडील हमखास गाठतात. ‘मॅडम, पोरीला सगळं पाठ हाय की! मग हातात फाईल कशापायी? त्यापेक्षा नाटकच बसवायचं न्हाई व्हय?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न कोल्हापुरात येणारच. 1915 साली शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा कधी नाटकाला न जाणारी माणसंही हळहळत होती. अशा गावाला फाईल धरून उभी राहिलेली पोरं म्हणजे तालीम अर्धवट राहिलेलं नाटक वाटलं, तर नवल नाही.

पण ते नाटक नव्हेच. कथेचं नाटक केलं की संवाद उरतात आणि निवेदन बहुतेक गळून जातं. कथेतली खरी गंमत मात्र कितीदा तरी त्या निवेदनातच असते. समजा कथेत असं आहे: ‘दादा काही बोलला नाही. त्याला राग आला होता. पण नेमका कोणावर, ते त्याचं त्यालाच कळेना.’ नाटकात दादा गप्प बसून हे चेहऱ्यावर आणणार, आणि मागच्या रांगेला नुसता गप्प बसलेला मुलगा दिसणार. अभिवाचनात पहिलं वाक्य मी निवेदकाला देते आणि दुसरं दादा झालेल्या मुलालाच. तो स्वतःबद्दल ‘त्याला’ असं म्हणतो. तालमीत पहिल्यांदा सगळे हसतात. ‘मॅडम, मला राग आला होता, असं म्हणू दे की त्याला!’ नाही म्हणू द्यायचं. ‘मला’ म्हटलं की दादा कबुली देतो. ‘त्याला’ म्हटलं की स्वतःकडे जरा लांबून बघतो. लेखकानं लिहिलंय ते हे दुसरं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रॉबर्ट ब्रीन यांनी निवेदन शाबूत ठेवून कथा मंचावर आणायची ही रीत घडवली, तिला चेंबर थिएटर म्हणतात. तिकडे इलिनॉय राज्यात तर शाळांसाठी समूहवाचनाची वेगळी राज्यस्तरीय स्पर्धा असते.

आता फाईल. ती दिसते तोवर ऐकणाऱ्याला भान असतं की हे शब्द लेखकाचे आहेत आणि ही मुलं ते पोचवायला उभी आहेत. आठवणीसाठी ती नसतेच. 1951 साली चार्ल्स लॉटन हा नट आणि त्याचे तीन सहकारी यांनी बर्नार्ड शॉच्या ‘मॅन अँड सुपरमॅन’ या नाटकातला, एरवी प्रयोगात गाळला जाणारा नरकातला प्रवेश अमेरिकेत वाचून दाखवला. समारंभाचे कपडे, बसायला स्टुलं, समोर स्टँडवर संहिता. चौघांनाही सगळं पाठ होतं.

पाठ लागतं ते नजर उचलायला. आणि ती जोडीदाराकडे वळवायची नाही, हे मुलांना सगळ्यात जड जातं. आई आणि मुलगा बोलतायत, दोघं शेजारी उभी आहेत, तरी दोघांनी समोर, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून बघायचं. आईची नजर जरा खाली, मुलाची जरा वर, आणि दोन्ही नजरा सभागृहात कुठंतरी एकमेकींना छेदायला हव्यात. मग ते स्वयंपाकघर स्टेजवर उभं न राहता ऐकणाऱ्यांच्या मधोमध उभं राहतं. एकानं चुकून मान वळवून जोडीदाराकडे बघितलं, की ते स्वयंपाकघर गेलं. राहिली नुसती शेजारी उभी असलेली दोन पोरं.

कोरसबद्दल माझं मत जरा कडक आहे. भावनेचं वाक्य आलं की सहाही जणांनी एका सुरात ओरडायचं, ही आता स्पर्धांत पसरलेली साथच झाली आहे. (मागून बासरी सोडणं ही दुसरी साथ.) आपल्या शाहिरामागे सूर धरणारे झीलकरी ऐकावेत. शाहिराचा शब्द पडायच्या आत ते उचलतात, त्याला दम घ्यायला जागा देतात, पण त्याच्या अंगावर येत नाहीत.

संहिता निवडतानाच निम्मं काम होतं. कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांची 1959 ची ‘ययाति’ घ्या. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं ‘मी’ म्हणून सांगतात, म्हणजे वाटणी लेखकानंच करून ठेवलेली. पण म्हणून तिघांना उभं करून तीन स्वगतं म्हणवून घेतली तर समूह कुठं राहिला? देवयानी बोलत असताना ययातीला ते ऐकू येतंय, हे दिसायला हवं. उलट काही कथा एकाच आवाजाच्या असतात. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर महाराष्ट्रभर कथाकथन करत हिंडले, तेव्हा ज्याची कथा तो एकटाच सांगायचा. तसली कथा सहा जणांत वाटली की जेवणारा एक आणि वाढपी सहा अशी गत होते. मुलं हट्ट धरतात, हशा हमखास येतो म्हणून. मी देत नाही.

वेळेत बसवायला कात्री लावावीच लागते. वाक्यं काढावीत, पण आपलं एकही घालू नये. दोन तुकडे जोडायला ‘आणि मग’सुद्धा नाही.

तेव्हा फाईल राहणार. ती आणायला तुम्हीच दुकानात जाणार असाल तर एवढं बघा: रंग काळा, आणि आत प्लास्टिकचे कप्पे नकोत. दिव्याखाली ते चमकतात, आणि पान उलटताना होणारा त्यांचा आवाज माईक आधी पकडतो.