पाचवीची कोरी वही

लेक पाच दिवसांची झाली त्या संध्याकाळी आत्यानं खोलीच्या कोपऱ्यात पाटा-वरवंटा मांडला. हळदकुंकू, नवं फडकं, तेलाचा दिवा, बाळाच्या उशाशी विळा, आणि पाट्याशेजारी कोरी वही न् पेन. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून ही तिच्या लिहिण्याची सोय. (काही घरांत हेच सहाव्या रात्री करतात. सटवाईचा कामाचा दिवस गावागणिक बदलतो.) आत्यानं आधी वहीच्या कोपऱ्यात रेघ ओढून पेन चालतंय का ते बघितलं. शाई संपली म्हणून विधिलिखित अर्धवट राहायला नको!

मी सटवाई मानत नाही. ग्रहण पाळणं तर त्याहून मानत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवते, चेंडू आणि बॅटरी घेऊन दरवर्षी ग्रहण लावते आणि सोडवते. पण या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच राग येत नाही. तो का, हे त्या बाळंतपणात मला कळलं.

आधी ग्रहणाचं. २५ ऑक्टोबर २०२२. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मध्ये एक मोकळा दिवस आला होता, तोच ग्रहणानं खाल्ला. मला आठवा महिना लागलेला, दिवाळीला माहेरी आलेले. पाचच्या जरा आधी ग्रहण लागणार होतं आणि सूर्य ग्रासलेलाच मावळणार होता. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवलेली गोष्ट गच्चीवरून बघायला मिळणार म्हणून मी ग्रहणाचा चष्मा मागवून ठेवला होता.

आत्या दुपारपासून मागे लागली. "चिरू नगंस, शिवू नगंस, पाय आखडून बसू नगंस. सरळ पडून ऱ्हा." मी सावलीचं गणित सांगायला लागले. ती म्हणाली, "गणित तुझं बरोबर असंल. पोर कुणाचं हाय?" आईनं मधला मार्ग काढला, "एवढा तास-दीड तास पड की. तुझं काय जातंय?"

आणि मी पडले. पडदे ओढलेल्या खोलीत, हातपाय ताणून, पापडासारखी. गच्चीवर भावाची पोरं माझा चष्मा घालून ओरडत होती. सातवीच्या माझ्या वर्गानं मला तसं बघितलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

सूर्याची भीती वाटली नव्हती. भीती वेगळीच होती. बाळात काही कमी-जास्त निघालं असतं, तर जन्मभर एकच वाक्य ऐकावं लागलं असतं, "त्या दिवशी ऐकलं नाहीस." ते वाक्य चुकवायला मी दीड तास दिला.

हे वाक्य मी दुसऱ्या एका बाईच्या वाट्याला आलेलं बघितलंय. आमच्या शाळेतल्या एका मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. पुढे शाळेत येणाऱ्या सरकारी बालस्वास्थ्य पथकानं नाव लिहून घेतलं, शस्त्रक्रिया मोफत झाली. आता नीट बघितलं तरच व्रण दिसतो. पण त्याच्या आईनं मला पहिल्या भेटीत, मी काही विचारलं नसताना सांगितलं, "बाई, ग्रहणात मी भोपळा चिरला होता." किती महिने झाले होते तेव्हा, विचारलं तर म्हणाली, "सातवा."

बाळाचा वरचा ओठ पोटात सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून येतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. तो जुळायचा राहिला तर त्यामागे आनुवंशिकता असते, काही औषधं, तंबाखू असं बरंच काही असतं, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. ती बाई विळीवर बसली तेव्हा तिच्या लेकाचा ओठ घडून चार-पाच महिने होऊन गेले होते. मी तिला हे वहीवर महिने मांडून दाखवलं. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे सासूबाईंना सांगाल का?"

ग्रहणावर माझा राग आहे तो यासाठी.

सटवाईचं मात्र तसं होईना. त्या रात्री दिवा विझू नये म्हणून आत्या जागी बसली होती. आई दमून झोपलेली. मी लेकीला पाजत होते. आत्या आपणहून बोलायला लागली. तिचं पहिलं पोर, मुलगा, घरीच झालेला. बाळंतपण तिच्या सासूनंच केलं. गावात सुईण तीच होती. "चांगला गुटगुटीत होता गं. सातव्या दिवशी अंगावर प्यायचाच थांबला. तोंडच उघडंना. मग अंग असं ताठ, कमानीवानी. आठव्या दिवशी सटवीनं नेला."

मी काही बोलले नाही. नाळ कशानं कापली होती, एवढंच विचारलं.

"इळ्यानं. दुसरं काय असायचं तवा? वर राख लावली."

हा धनुर्वात होता. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात, नाळेच्या जखमेतून शिरतात आणि बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बाळ हाताचं जातं. गरोदरपणी मला उपकेंद्रात दोन इंजेक्शनं दिली, ती यासाठीच. एकाही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एक बाळही या रोगाला सापडू नये, ही पायरी देशानं गाठल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आत्याच्या पोराला त्यानंतर जन्मायला हवं होतं.

शिक्षिकेची जीभ वळवळत होती. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सटवाई नव्हती, विळा होता? आणि विळा धरणारा हात? त्या सासूचं आत्यानं शेवटी अंथरुणात सगळं केलं. अजून तिचं नाव निघालं की डोळ्यांना पदर लावते. सटवाईनं नेला म्हणून त्या घरात कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. भोपळा चिरणारीला असली सवलत कुणी दिली नव्हती.

समोर एखादी गरोदर सून असती आणि घरीच बाळंतपण करायचं म्हणत असती, तर मी घसा फोडून सांगितलं असतं. पण त्या रात्री समोर फक्त आत्या होती, पंचाहत्तरीची.

पहाटे तिला डुलकी लागली तेव्हा मी बाळाच्या उशाशी ठेवलेला विळा उचलून फळीवर नेऊन ठेवला. सकाळी जाग आली तर तो परत उशाशी होता. वही उघडून बघितली. आत्यानं ओढलेली रेघ तेवढी होती.