आयर्विनला किती झालं?

पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की 'बरं आहे ना?'च्या आधी विचारतात, 'आयर्विनला किती झालं?' आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. त्याच्याजवळचे पाणीपातळीचे आकडे इथं पोरासोरांना पाठ असतात. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. कृष्णा गावाला बारा महिने खेटून वाहते, म्हणून कुणी बारा महिने सामान माडीवर नेऊन ठेवत नाही. नदी आहे हे सगळ्यांना ठाऊकच असतं. विचारायचं ते पाणी कुठवर आलंय एवढंच.

पोटाचा कारभारही बराचसा असाच. माणसाच्या अंगावर-अंगात मिळून साधारण 38 लाख कोटी जिवाणू राहतात, आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. ते सगळे सज्जन आहेत असं मुळीच नाही. ई. कोलाय आतड्यात गुण्यागोविंदानं नांदतो, तोच मूत्रमार्गात चढला की जळजळ आणि थंडी वाजून ताप. स्टॅफिलोकॉकस ऑरियस दर चार-पाच जणांत एकाच्या तरी नाकात निवांत बसलेला असतो; रक्तात उतरला तर जिवावर बेततं. जिवाणू तोच, पत्ता बदलला.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींची एकेरी रांग. ती 3 ते 5 दिवसांत नवी होते. एवढ्या नाजूक भिंतीवर बुळबुळीत श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू खुशाल फिरतात. आतला भिंतीला घट्ट चिकटलेला, आणि तो जवळपास निर्जंतुक. दोन्हींची जाडी मिळून एक मिलिमीटरही भरत नाही. या श्लेष्मात शरीर रोज काही ग्रॅम आयजीए नावाचं प्रतिपिंड सोडतं, म्हणजे जवळपास चमचाभर साखरेच्या वजनाइतकं. ते जिवाणूंना चिकटून त्यांना भिंतीपासून लांब ठेवतं, आणि तेही सूज न आणता.

सगळ्यात हुशारीची गोष्ट धोक्याच्या घंटेची. जिवाणूच्या शेपटीतलं प्रथिन ओळखणारा टीएलआर-5 हा ग्राहक, म्हणजे पेशीवरचा संवेदक, मोठ्या आतड्याच्या पेशीवर मुख्यतः आतल्या, रक्ताकडच्या अंगाला असतो. आतड्याच्या पोकळीत शेपट्या कितीही वळवळोत, घंटा वाजत नाही. कुणी भिंत ओलांडली की मात्र वाजते. ओलांडणारे तुरळक असतील तर भिंतीमागच्या भक्षक पेशी त्यांना गुपचूप गिळतात आणि आयएल-10 नावाचं निरोप्या प्रथिन सोडून आसपासच्यांना शांत ठेवतात. शिवाय पांढऱ्या पेशींतल्या नियामक टी-पेशी आहेतच, उगाच भडकणाऱ्या टी-पेशींना दाबून धरणाऱ्या. त्यांच्यावरच्या कामासाठी 2025 चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काढे विकणाऱ्यांना कुणी तरी सांगायला हवं की तिचं निम्मं कसब गप्प बसण्यात आहे.

बिघडतं ते दोन्ही बाजूंनी. श्लेष्म पातळ झाला, भिंत झिरपायला लागली किंवा आवरणारे कमी पडले, तर शरीर रोजच्या शेजाऱ्यांवरच तुटून पडतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा करणाऱ्या आजारात शौचातून रक्त जातं ते बव्हंशी या चकमकीमुळं. दुसरी बाजू अँटिबायोटिकची. गरज असेल तेव्हा ते घ्यायलाच हवं, पण विषाणूमुळं झालेल्या सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या सर्दीला काही करत नाहीत आणि खालची जिवाणूंची वस्ती मात्र उठवतात. मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जुलाब लावणारा जिवाणू माजतो. आधी तो असला तरी गर्दीत त्याला कुणी डोकं वर काढू देत नव्हतं.

वस्तीला खायलाही लागतं. अन्नातले जे तंतू (फायबर) आपल्याला पचत नाहीत ते जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं हे मुख्य इंधन. उंदरांमध्ये त्यामुळं नियामक टी-पेशी वाढलेल्याही दिसल्या आहेत. तंतूच तोडले तर जिवाणू श्लेष्मच खायला लागतात, हेही उंदरांतच दिसलं. पोरं उपाशी ठेवली तर ती भिंतीचा गिलावा खरवडणारच.

म्हणून मटकीची उसळ, हरभरा आणि शाळूची भाकरी. ताक चांगलंच, पण त्यातले जिवाणू बहुतेक पाहुणे. थोडे दिवस राहतात आणि जातात. त्यात शिळी भाकरी कुस्करली तर कायमच्या रहिवाशांचीही सोय होते. गार झालेल्या भाकरीतला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, लहान आतड्यात पचत नाही, आणि तसाच खाली त्यांच्या पंगतीला जाऊन पोचतो.