काठ जड, पोट हलकं: आमची वाटचाल

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या आमच्या गाळ्यात शिरलात की डाव्या हाताला एक वजनकाटा दिसेल. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. प्लॅस्टिकच्या खेळायच्या डिस्का काढणाऱ्याला हा कशाला, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. धंदा बुडता बुडता राहिला त्यानंतर तो घेतला. आधी घेतला असता तर पुढचं बरंच रामायण टळलं असतं.

१९९८ ला भागीदारीत गाळा भाड्याने घेतला. सेकंडहँड ९० टनी (एवढ्या जोराने साचा दाबून धरणारं) मशीन, बाटल्यांची झाकणं, डब्यांच्या क्लिपा. सोळा वर्षं तेच काढलं. घर चाललं, मुलं शिकली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२०१४ च्या दिवाळीनंतर एका एजंटने टेबलावर एक डिस्क ठेवली. ‘‘शेठ, हे काढून द्याल का?’’ मला वाटलं फ्रिस्बी. हातात घेतली तर प्रकार वेगळा. व्यास २१ सेंटीमीटरच्या जरा वर, पोट, म्हणजे मधला चपटा भाग, दोन मिलीमीटरचं, आणि काठ चांगला दोन-सव्वादोन सेंटीमीटर रुंद, बाहेरच्या अंगाला सुरीसारखा निमुळता. डिस्क गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क. खेळ गोल्फचाच, चेंडूच्या जागी डिस्क आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली टोपली. ती टोपली एड हेड्रिक यांची, आणि काठ असा तासायची युक्ती १९८३ ची, डेव्ह ड्युनिपेस यांची. दोघे अमेरिकेतले. हेड्रिक २००२ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख मिसळून डिस्का काढल्या गेल्या. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार हाच आला की राखेचा फिलर म्हणजे वजन वाढलं असणार. काय करणार, सवय!

ज्यांनी इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरायचं काम, केलंय त्यांना त्या डिस्ककडे बघूनच घाम फुटेल. गेट, म्हणजे रस शिरायचं तोंड, मध्यभागी. रस आधी पातळ पोटातून धावणार, मग जाड काठ भरणार. पोट आधी गोठणार, काठ आतून ओला राहणार आणि पॅकिंगचं, म्हणजे मागून रस रेटायचं, प्रेशर त्याच्यापर्यंत पोचायची वाटच बंद. मग वरून सिंक, म्हणजे खळगा, नाहीतर आतून पोकळी. जे करू नका म्हणून शिकवतात, नेमकं तेच या मालात करायचं असतं.

मी नको म्हणत होतो. भागीदार हो म्हणाले. २०० टनी मशीन कर्जावर आलं. कागदावर सह्या दोघांच्या, तारण मात्र माझं घर.

२०१५ चा जुलै मी विसरणार नाही. परदेशी पार्टीचा चार हजार नगांचा लॉट, माल टीपीयू, रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक. टीपीयूचा दाणा हवेतलं पाणी पितो. ९० डिग्रीला तीन तास ड्रायरमध्ये ठेवल्याशिवाय हॉपरमध्ये टाकायचा नाही, हे आमच्या मशीनवर खडूने लिहिलेलं होतं. कंटेनरची तारीख जवळ आली होती. मी लग्नासाठी साताऱ्याला गेलेलो, आणि रात्रपाळीला भागीदारांनी उघड्या गोणीतला दाणा सरळ ओतायला लावला. बाहेर रबाळ्याचा पाऊस. ऑपरेटर मामांनी सांगून बघितलं. ‘‘शेठ आले की बोला,’’ असं उत्तर मिळालं.

परत आलो तेव्हा माल पॅक झालेला. डिस्कांवर चंदेरी रेघा, काठाजवळ बुडबुडे. त्यात वजनाचा घोळ. या खेळाचा नियम सरळ आहे: व्यासाच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. २१.२ सेंटीमीटरच्या डिस्कला जेमतेम १७६ ग्रॅम बसतात. आमच्या १६८ पासून १७८ पर्यंत काहीही निघाल्या होत्या, कारण आमच्याकडे होता तो किराणा दुकानातला काटा, पाच-पाच ग्रॅमने उडी मारणारा. मी माल थांबवा म्हटलं. तो गेला. दीड महिन्याने ईमेल आला: लॉट नाकारला, परत पाठवायचा खर्च तुमचा. परत आणायला मालाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागले असते. चार हजार डिस्का तिकडेच कुठेतरी गेल्या, पेमेंट शून्य.

पुढचे सहा महिने कसे काढले ते घरच्यांना माहीत. ९० टनी मशीन विकलं, ज्यावर आमची सोळा वर्षं उभी होती. मामांनी दोन महिने पगार मागितला नाही, आणि मीही विचारलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. जानेवारीत भागीदार वेगळे झाले. हिशेब माझ्या डायनिंग टेबलावर तासाभरात संपला. मोल्डची ड्रॉइंग कपाटातून कधी गेली ते मला मार्चमध्ये कळलं.

(भागीदारी करत असाल तर ड्रॉइंग कोणाच्या नावावर, हे पहिल्या दिवशी स्टँपपेपरवर घ्या. मैत्री मोडेल वगैरे म्हणतात. ती नाहीतरी मोडतेच.)

त्याच मार्चमध्ये पीटीचे सर आले. घोडबंदर रोडच्या एका शाळेत शिकवायचे. भंगारवाल्याकडून कळलं की माझ्याकडे तीनेकशे रिजेक्ट डिस्का पडल्यात. पिसाईच्या (दळायच्या भंगाराच्या) दराने मागितल्या, मी दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा दारात. ‘‘अहो, पोरांना जात नाहीत या. जरा हलक्या करून द्याल का?’’

मी मैदानावर जाऊन बघितलं. सरांनी ऑइलच्या जुन्या ड्रमांना सायकलच्या चेन लटकवून नऊ टोपल्या केल्या होत्या. आठवीतली एक मुलगी १७२ ग्रॅमची डिस्क फेकत होती; तीसेक पावलांवर डावीकडे वळून धपकन पडायची. ड्रायव्हरला वेग लागतो. वेग नसेल तर तो शेवटी वळायचं काम सुरुवातीलाच करून टाकतो.

हलकी डिस्क लांब का जाते यावर आमच्या गाळ्यात बऱ्याच चर्चा झाल्या आहेत, म्हणून सांगतो. हात तोच, वजन कमी, तर सुटताना वेग जास्त. हवेची उचल मिळते ती वेगातून आणि आकारातून, वजनाकडे ती बघत नाही; तेव्हा हलकीला उचल तेवढीच आणि ओझं कमी. पण डिस्क हा आडवा भोवरा आहे. भोवरा जेवढा हलका, तेवढा लवकर कलंडतो. जोरात हात असलेल्याने उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर झटकत) फेकली, तर हलकी उजवीकडे झुकत जाते आणि परत येतच नाही. शिवाय वजन कमी म्हणून हवा तिला अडवतेही लवकर. फुकट काही मिळत नाही.

मग वजन काढायचं कुठून? शॉट, म्हणजे एका वेळी मोल्डमध्ये जाणारा रस, कमी करून नाही. भोवऱ्याचं बळ काठात असतं, म्हणून काढायचं ते पोटातून. पोट अर्ध्या मिलीमीटरने पातळ केलं की साधारण १३ ग्रॅम जातात, मामांनी आणि मी वहीत गणित मांडलं होतं. पण पोट पातळ करायचं म्हणजे मोल्डमध्ये लोखंड वाढवायचं, आणि डायमेकरला विचारा, लोखंड काढणं सोपं असतं, घालणं नाही. शेवटी कोअरचा, म्हणजे मोल्डच्या आतल्या अर्ध्या भागाचा, मधला तुकडाच (इन्सर्ट) नवा केला. आता पोट दीड मिलीमीटर, रस पोचायला अजून अवघड. इंजेक्शनचा वेग वाढवला, मोल्ड गरम ठेवला. उरलेले दहा-अकरा ग्रॅम ब्लोइंग एजंटने, म्हणजे तापल्यावर वायू सोडून रसात बुडबुडे करणाऱ्या मसाल्याने, काढले. अगदी चिमूटभर, काठ आतून फुगून राहील आणि सिंक येणार नाही एवढाच. जास्त झाला की काठच हलका होतो आणि सगळं मुसळ केरात. दीड महिना गेला. वजनकाटा तेव्हाच घेतला.

१५० ग्रॅमची पहिली चांगली डिस्क घेऊन मी स्वतः शाळेत गेलो. त्याच मुलीने फेकली. चाळीस पावलांच्या पुढे, आणि सरळ. सर खूश झाले, म्हणाले द्या इकडे. सरांचा हात म्हणजे भालाफेकवाल्याचा. डिस्क सुटली, उजवीकडे कलली, कंपाउंडवरून शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर. वॉचमनने आणून दिली तेव्हा सर म्हणाले, ‘‘शेठ, माझ्यासाठी जुनीच राहू द्या.’’

तेव्हापासून दर जूनला सरांची ऑर्डर येते. कधी चाळीस, कधी साठ. आठ दिवसांत पेमेंट. मोठ्या पार्ट्या आल्या नि गेल्या. गाळ्याचं भाडं भरायला ज्या महिन्यात काहीच नव्हतं, त्या महिन्यात सरांचा चेक होता.

आमचे जुने भागीदार तोवर दोन गल्ल्या सोडून बसले होते. त्यांनी ‘हलक्या’ डिस्का काढल्या, आमच्यापेक्षा तीस टक्के स्वस्त. जाहिरातीत डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांचा २०१६ चा विक्रम, ३३८ मीटर. तो नेवाडाच्या वाळवंटात, वारा पाठीशी घेऊन केलेला, हे कोण सांगणार? ठाण्यातल्या दोन शाळांनी आमच्या समजून त्यांच्या घेतल्या आणि तक्रार माझ्याकडे: थरथरत जातात, कशाही वळतात. एक मागवून मामांनी हॅकसॉने काठ कापला. आत शेंगदाण्याएवढी पोकळी, एकाच बाजूला. शॉट कापून, पॅकिंग उतरवून वजन खाली आणलेलं. भोवऱ्याच्या एका कडेला भोक पाडून तो फिरवून बघा. त्या दोन शाळा मला परत मिळाल्या नाहीत. त्यांच्या लेखी हलकी डिस्क म्हणजे फसवणूक, मग ती कोणाचीही असो.

आणि हलक्या डिस्कने कोर्स सोपा होतो, असं म्हणणाऱ्यांना सरांकडे पाठवावं. पहिल्या वर्षी झाला खरा. ज्या टोपलीला तीन फेकी लागायच्या तिथे पोरं दोनमध्ये पोचायला लागली आणि कंटाळली. मैदान काही वाढत नाही. सरांनी दोन टी, म्हणजे पहिली फेक करायच्या जागा, फक्त उलट्या बाजूला नेल्या, दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड करून. वारा समोरून आला की डिस्कला वाटतं आपण आणखी जोरात चाललोय. हलकी उचलली जाते, उलटते, भलतीकडे जाते. तीच मुलं मग १६५ ची मागायला लागली. वारा पाठीशी असेल तर १५०, तोंडावर असेल तर जड, झाडांमधून जायचं असेल तर ड्रायव्हर पिशवीतच ठेवा. पालकांनाही एक सांगतो, विचारलं नाहीत तरी: मुलाला पहिली डिस्क १७५ ची घेऊ नका. महिन्याभरात खांदा दुखेल आणि तो परत मोबाइल घेऊन बसेल.

सर गेल्या वर्षी रिटायर झाले. आता रविवारी चार पोरांना घेऊन उपवनला जातात. एप्रिलमध्ये फोन आला, ‘‘अहो, तलावात गेली. बुडाली.’’ बुडणारच. १५० ग्रॅमची असली तरी आपल्या आकाराच्या पाण्यापेक्षा ती जड आहे. तरंगायला १३४ च्या खाली यावं लागतं, आणि पोट आता आणखी पातळ होत नाही, म्हणजे ब्लोइंग एजंट वाढवणं आलं. काठात.

तीन आठवडे तेच चाललंय. शुक्रवारी १३२ ची एक निघाली. मामांनी चिलरच्या पाण्याची बादली भरून आणली, डिस्क अलगद सोडली.

‘‘शेठ, तरंगली.’’

‘‘हो.’’

‘‘पण तिरकी.’’

एका बाजूचा काठ पाण्याच्या वर, दुसरा खाली. मी काही बोललो नाही. मामा हॅकसॉ आणायला गेले.