जवारी काढताना रेडिओ बंद

‘लिहिताना गाणी लावता, की शांतता लागते?’ लेखनाची कार्यशाळा कुठेही असो, जेवणाच्या सुट्टीत हा प्रश्न येतोच. गेल्या महिन्यात एका बाईंनी तो जरा काळजीनं विचारला. त्यांचा मुलगा कथा लिहितो, कानात सतत हेडफोन असतो, आणि त्यावरून घरात रोज वाद होतात. आजवर मी ‘ज्याची त्याची सवय’ म्हणून पुढे जात असे. माझं मत मात्र तसं कधीच नव्हतं. तेव्हा त्या बाईंनी विचारलं म्हणून आता नीट सांगते.

शब्द असलेलं गाणं चालू ठेवून लिहू नये. आणि ठार शांततेची वाट बघत हात जोडून बसूही नये.

हे मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कळलं, लिहायला लागण्याच्या कितीतरी आधी. आमचं घर तिथून दोन मिनिटांवर. शाळा सुटली की मी एका चाचांच्या दुकानात, लाकडाच्या भुश्शात जाऊन बसायची. मिरजेत तंतुवाद्यं दीडशेहून अधिक वर्षं बनताहेत. ही परंपरा फरीदसाहेब सतारमेकरांपासून सांगतात. घराणं मूळचं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते दुकान आलं. छताला टांगलेले पंढरपूरकडचे वाळके भोपळे आणि कोपऱ्यातला रेडिओ.

रेडिओ सकाळपासून चालू असे. भोपळा कापताना, आतून खरवडताना, दांडी तासताना, पॉलिशचे हात देताना चाचा गाण्यांबरोबर गुणगुणत. पण जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज साधायला बसले, की पहिला हात रेडिओच्या बटणाकडे जाई.

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट वाटतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तो असा साधावा लागतो, की थरथरणारी तार माथ्याला पुन्हापुन्हा ओझरती टेकत राहील. त्या टेकण्यातून तो भरलेला, गुंजत राहणारा आवाज निघतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज आणखी खुलवता येतो, पण मुळात घोडी बरोबर घासलेली हवी. कानशीचा एक हात जास्त पडला तर सगळं परत पहिल्यापासून. आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. घासायचं, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. दुपार अशी जायची. मी मैत्रिणीशी कुजबुजले तरी चाचा मान वर न करता म्हणत, ‘बेटा, आता कानाचं काम आहे.’

घरी आजीचं उलट होतं. तिच्या तरुणपणी पहाटेचं दळण ओवीशिवाय झालंच नाही, असं ती सांगायची. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं केवढं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभं केलं! एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात आल्या. एवढी कविता दळता दळता झाली, कारण दळण हाताचं होतं. हात खुंट्याला, कान आणि तोंड मोकळं. त्या मोकळ्या जागेत बाईनं आपलं सगळं आयुष्य गायलं.

मग लिहिणं कोणाचं काम? टेबलाशी बसून बोटं हलतात म्हणून ते हाताचं वाटतं. माझा अनुभव असा, की बोटं फक्त उतरवून घेतात. वाक्य आधी ऐकू येतं. मराठीत तर फारच. ‘मीच त्याला सांगितलं’, ‘मी त्यालाच सांगितलं’, ‘मी त्याला सांगितलंच’. एक ‘च’ इकडून तिकडे गेला, की तीन वेगवेगळी माणसं बोलायला लागतात. वाक्याच्या शेवटी ‘ना’ ठेवायचा की ‘की’, ‘गेला होता’ म्हणायचं की ‘गेलेला’, हे व्याकरणाच्या पुस्तकात बघून कुणी ठरवत नाही. मनात म्हणून बघतो आणि कान सांगतो. कान गाणं ऐकत असेल तर तो हे कधी सांगणार?

हे मला एकदा फार लागलं. आजी गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्यावर लिहायला बसले. तिची आवडती जुनी भावगीतं लावली, म्हणजे ती जवळ असल्यासारखं वाटेल. दोन तासांत सहा पानं झाली. लिहिताना मी रडले. इतकं चांगलं आपण कधी लिहिलं नव्हतं, असं वाटलं. चार दिवसांनी शांतपणे मोठ्यानं वाचलं, तर त्यात आजी नव्हती. होती ती गाण्यांतली हुरहूर. माझी आजी तुटक बोलायची, ‘हां, मग?’ एवढ्या दोन शब्दांत समोरच्याला सरळ करायची. आणि माझ्या पानांत ती लांब, हळवी, ओळीच्या शेवटी रेंगाळणारी वाक्यं बोलत होती. जे सूर खोलीत होते, ते मी कागदावर आहेत असं समजले होते. गाणं लावून लिहिण्यातला मला वाटणारा मोठा धोका हाच. लक्ष विचलित होतं हे तर आहेच, पण कमावलेला नसलेला भाव फुकट मिळतो. वाचकाच्या खोलीत ते गाणं नसतं. त्याच्या हातात नुसते शब्द असतात.

ती सहाही पानं मी फाडली. आजीवरचा लेख नंतर तीन महिन्यांनी झाला, तीन पानांचा.

मानसशास्त्रानं याच्या जवळपासचं बरंच तपासलंय. १९७६ मधल्या एका प्रयोगात लोकांना डोळ्यांसमोर दिसणारी अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे जर्मन मजकूर वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी त्यांच्या चुका वाढल्या. पुढे १९८९ मध्ये पियरे सालामे आणि ॲलन बॅडली यांनी गाणं आणि वाद्यसंगीत यांची तुलना केली. शब्द असलेल्या गाण्यानं जास्त अडथळा आला, नुसत्या वाद्यांनी कमी. वाचलेलं आपण मनात आवाज देऊन धरून ठेवतो आणि बाहेरची भाषा नेमकी तिथेच घुसते, असं बॅडलींचं म्हणणं. हे प्रयोग लक्षात ठेवण्यावरचे आहेत, कथा लिहिण्यावरचे नाहीत, एवढं भान ठेवून मी ते मानते. कारण मलाही तोच अनुभव आलाय. मिरज सीमेवरचं गाव, कानडी कानावरून जातं पण मला धड येत नाही. म्हणून एक उन्हाळा कानडी गाणी लावून लिहून पाहिलं. शब्द कळत नव्हते, तरी कान सारखा ते पकडायला धावत होता.

‘मोझार्ट ऐकलं की बुद्धी वाढते’ हेही लोक मध्ये आणतात. १९९३ चा तो मूळ प्रयोग छोटा होता. संगीत आधी ऐकवलं, काम नंतर दिलं, आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यातून लिहिण्याबद्दल काहीच ठरत नाही. मात्र ‘आधी ऐकणं’ मला पटतं. मी सकाळी अर्धा तास गाणं ऐकते, दुसरं काहीही न करता. ते संपलं की लिहायला बसते.

मग शांतता का नको? एका मैत्रिणीचं पन्हाळ्यावरचं घर पावसाळ्यानंतर रिकामं होतं. आठ दिवस तिथे राहिले. फोन बंद, शेजार नाही. पहिल्या रात्री फ्रिजची घरघर ऐकली, दुसऱ्या दिवशी फ्रिजही बंद केला. मग छपरावरून पळणारा उंदीर. मग स्वतःच्या कानातली शीळ. अमेरिकन संगीतकार जॉन केज हार्वर्डच्या आवाजबंद खोलीत गेले होते, तिथेही त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा, आणि ते स्वतःच्याच शरीराचे आहेत असं त्यांना सांगण्यात आलं. लंडनमध्ये लेखक थॉमस कार्लाइलनी १८५३ मध्ये शेजारच्या कोंबड्यांना कंटाळून माळ्यावर खास शांत खोली बांधून घेतली, आणि ती फसली. आवाज जितके कमी, तितका उरलेला आवाज मोठा होत जातो. आठ दिवसांत माझी चार पानं झाली.

आणि मिरज जंक्शनच्या फलाटावर, गाडी उशिरा असताना, मी एका बैठकीत आठ पानं लिहिली आहेत. चहावाले, हमाल, शे-दोनशे माणसं एकाच वेळी बोलत असतात, तेव्हा कुणाचंच वाक्य वेगळं होऊन येत नाही. सगळ्यांची मिळून एक गाज होते. शेजारच्या बाकावर एकच माणूस फोनवर बोलायला लागला, की मात्र माझं पान संपलं. त्याचं अर्धं बोलणं ऐकू येतं, उरलेलं अर्धं माझं डोकं रचायला लागतं.

म्हणून माझ्या टेबलावर तंबोरा असतो. पूर्वी कॅसेट होती, आता फोनमध्ये. त्याला शब्द नाहीत, ताल नाही, चाल नाही. पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज (खालचा सा), आणि पुन्हा पंचम. पुढे काय येणार हे कानाला ठाऊक असतं, त्यामुळे तो धावत नाही. आणि खोली रिकामी नसते, त्यामुळे तो शोधतही नाही. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येतो, जो कुणी लावलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. फोनमधून तो फारसा येत नाही, आणि त्याची मला खरोखर उणीव भासते. कधीतरी गल्लीतून खरा तंबोरा आणायचाय.

त्या बाईंना मी सांगितलं, मुलाशी वाद घालू नका. टंकलेखन करताना, टिपणं लावताना त्यानं खुशाल गाणी ऐकावीत. ते दांडी तासण्याचं काम आहे. फक्त गाणं लावून लिहिलेलं एक पान त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी, हेडफोन काढून, तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं. तुम्ही काही बोलू नका. त्याचं त्यालाच ऐकू येईल.

आणि तंबोऱ्याची पट्टी कोणती, म्हणजे सा कुठे लावता, असं विचारणाऱ्यांसाठी: काळी एक, पेटीवरची पहिली काळी. म्हणजे पुरुषांची पट्टी, पण ती माझ्या बोलण्याच्या आवाजाच्या खाली राहते. आवाज इतका लहान ठेवते, की ओळ पुटपुटली तर ती तंबोऱ्याच्या वर ऐकू यावी. शेवटचा खर्डा वाचताना तोही बंद करते.