सोमवारी आवळणारी छाती

मी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या तपासणीची टेक्निशियन, लोकांना नळीत फुंकायला लावणारी. बाकीच्यांना वाटतं यात काय, फुंकलं की मशीन आकडा देतं. नाही देत. नाकाला क्लिप, ओठ नळीभोवती घट्ट, छाती भरून श्वास आणि मग एका दमात सगळा बाहेर, किमान ६ सेकंद, आणि मी शेजारी उभी राहून "अजून, अजून, थांबू नका" ओरडत असते. निम्मे लोक नुसती गालातली हवा सोडतात. दोन चांगल्या फुंकरांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको, तरच रिपोर्ट धरायचा. एकाच फुंकरीवर रिपोर्ट छापणारेही आहेत आमच्यात, असो.

तर हे मामा आले गुरुवारी. सूतगिरणीत कार्डिंग, म्हणजे कापूस विंचरायच्या खात्यात आयुष्य गेलेलं, पण चिठ्ठीवर व्यवसाय: नोकरी. एवढंच! थुंकीत काही नसताना आधी कुणीतरी टीबीचा अख्खा कोर्स दिलेला, मग दमा म्हणून पंप. एक्स-रे साफ, माझ्याकडची फुंकरही ठीकठाक. मी विचारलं, मामा, त्रास कुठल्या दिवशी जास्त? "सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळती बघा ताई. गुरुवारपातुर हलकं वाटतंय."

कामामुळे होणारा नेहमीचा दमा आठवडाभर वाढत जातो. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, बिसिनोसिस, त्याच्या उलटा, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत सगळ्यात वाईट. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी १९५०च्या दशकात आजाराच्या पायऱ्या लावल्या त्या याच प्रश्नावर, फक्त सोमवारी आवळतं की बाकी दिवशीही. त्याआधी १९४१ साली ब्रिटनमध्ये या आजाराची भरपाई सुरू झाली होती, पण कार्डरूममध्ये २० वर्षं काढलेल्या पुरुषांनाच. आणि मला राहून राहून वाटतं, आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगार उभे करून १० जून १८९० ला मुंबईच्या मालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली, त्याआधी सलग राबणाऱ्या माणसाला आपल्याला सोमवारीच का आवळतं हे कळणार तरी कसं? सोमवारच नव्हता त्याला.

आमची लॅब ९ला उघडते, मामांची पाळी ७ची. म्हणून सोमवारी फुंकर मोजायचं हातातलं मशीन, स्पायरोमीटर, घेऊन गिरणीच्या गेटसमोरच्या टपरीवर गेले, चहावाल्याने बाकडं रिकामं करून दिलं आणि फुंकायचं कसं ते गिऱ्हाइकांनाच शिकवायला लागला. पाळीआधी पहिल्या सेकंदाची हवा २.३१ लिटर. ३ वाजता पाळी सुटल्यावर, भुवयांवर तूस घेऊन आलेले मामा, १.९८. म्हणजे १४ टक्के घट, एका पाळीत, आणि तिन्ही फुंकरा अगदी एकमेकींना चिकटून. असा ग्राफ मी फ्रेम करून लावला असता.

पूर्वी फॅक्टरी ॲक्टच्या कलम ८९ प्रमाणे आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा संहितेच्या कलम १२ प्रमाणे असा पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचंच असतं, बिसिनोसिस त्या यादीत आहे. हे आमच्या सरांना सांगितलं तर म्हणाले, कशाला उगाच, उद्या गिरणीवाले दारात येतील. शिकलेला माणूस! डॉक्टर मॅडमनी मात्र रिपोर्ट वाचून सरळ सही केली.

पण खरा तिढा मामांचा. "ताई, कळवू नका. पोरगं त्याच खात्यात लावलंय, कंत्राटावर हाय." मी बरंच समजावलं, भरपाईच्या यादीत हा आजार आहे, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, मेडिकल बोर्ड असतं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत तेच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, कायदा पेशंटची परवानगी विचारत नाही, आणि पत्र पाठवलं. त्यांचं बरोबरच आहे, मीच त्यांना कलम दाखवलं होतं. तरी मामांना काय सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. निरीक्षकांच्या ऑफिसातून काही उत्तर नाही. पोराला तपासायला घेऊन या म्हटलं होतं, सोमवारी. कंत्राटदार सोमवारची रजा देत नाही म्हणे, गुरुवारी चालेल का विचारत होते.